मोहरी, कापूर आणि सिनेमाची फीत

अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहरात ईस्टमन कोडॅक कंपनीची संशोधनशाळा होती. १९२० च्या दशकात तिथल्या रसायनशास्त्रज्ञांना एका कोड्याने चांगलंच छळलं. फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर जिलेटिनमध्ये बनवला जातो. त्याच कारखान्यात, त्याच कृतीने, चांदीची तीच संयुगं वापरून केलेला हा थर एकदा झकास जमून यायचा आणि पुढच्या वेळी मंद निघायचा. एका खेपेची फिल्म अंधुक उजेडातही चित्र टिपायची, दुसरीला लख्ख ऊन लागायचं. दोन्ही खेपांत बदललेलं असायचं ते फक्त जिलेटिन.

जिलेटिन म्हणजे गुरांची हाडं आणि कातडी शिजवून काढलेला चिकट पदार्थ. जेली त्याच्यामुळेच थरथरते आणि औषधाची कॅप्सूलही त्याचीच असते. चांगलं जिलेटिन आणि वाईट जिलेटिन यांत नेमका फरक काय, हे शोधण्याचं काम सॅम्युअल शेपर्ड या शास्त्रज्ञाने हाती घेतलं आणि १९२५ मध्ये उत्तर जाहीर केलं. जिलेटिनमध्ये गंधकाची काही संयुगं अत्यल्प प्रमाणात, म्हणजे दहा लाख भागांत जेमतेम काही भाग, मिसळलेली असत. ती असली की फिल्म जागी, नसली की झोपलेली. या संयुगांचं नातं मोहरीच्या तेलातल्या झणझणीत द्रव्याशी निघालं. गाईगुरं चरताना मोहरीसारख्या वनस्पती खातात, त्यातलं गंधक अंगात उतरतं, पुढे कातड्यातून जिलेटिनमध्ये येतं, असा उलगडा तेव्हा सांगितला गेला. गाईंना मोहरी आवडली नसती तर सिनेमाच झाला नसता, असं शेपर्डचे वरिष्ठ केनेथ मीस पुढे भाषणांतून सांगत.

मोहरीतलं हे द्रव्य मराठी स्वयंपाकघराला चांगलं ठाऊक आहे. अख्खी मोहरी हुंगली तरी नाकात काही जात नाही. कडकडीत तेलात टाकली तर ती तडतडते, खमंग होते, पण डोळ्यांत पाणी आणत नाही. तीच मोहरी थोडं पाणी घालून फेसली की मात्र दोन-चार मिनिटांत असा झणका उठतो की फेसणारा तोंड फिरवतो. दाण्यात एक गंधकयुक्त पदार्थ आणि त्याला फोडणारं विकर हे दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा चिरडून पाणी लागलं की त्यांची गाठ पडते आणि झणझणीत तेल तयार होतं. फोडणीत उष्णतेने विकर आधीच निकामी होतं, म्हणून झणका उठत नाही. फेसलेल्या मोहरीच्या कोशिंबिरीतलं आणि लोणच्याच्या खारातलं हे द्रव्य शेपर्डच्या प्रयोगशाळेत फिल्मला जाग आणण्याच्या कामी आलं. गंधक चांदीच्या संयुगाच्या स्फटिकावर अतिसूक्ष्म डाग पाडतं, प्रकाश पडला की सुटे झालेले इलेक्ट्रॉन त्या डागांवर अडकतात आणि तिथून प्रतिमेची सुरुवात होते. हे कळल्यावर निसर्गाच्या लहरीवर विसंबायची गरज उरली नाही. कोडॅकने गंधक मोजून घालायला सुरुवात केली आणि १९३० मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या पीबॉडी गावचा जिलेटिनचा कारखानाच विकत घेतला.

सिनेमाकडे आपण नट, गाणी, गोष्टी यांच्या बाजूने बघतो. ज्या फितीवर हे सगळं शंभर वर्षं राहिलं, ती फीत कशाची केलेली आहे हे क्वचितच कोणी विचारतं. ती कापूस, कापूर, हाडं आणि चांदी यांची केलेली आहे. तिच्या आधीच्या पिढ्यांमध्ये मीठ आणि अंडीही होती. या वस्तूंनी सिनेमा शक्य केला आणि यांच्याच स्वभावामुळे तो जळाला, आंबला, वितळवून विकला गेला. भारतातल्या मूकपटांपैकी बहुतेक आज कुठेच का नाहीत, याचं अर्धंअधिक उत्तर फितीच्या या घडणीत सापडतं.

सुरुवात मिठापासून झाली. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या जमीनदार संशोधकाने १८३० च्या दशकात साधा लिहिण्याचा कागद मिठाच्या पाण्यात बुडवला, वाळवला आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवलं. मिठातलं क्लोरीन चांदीला चिकटून सिल्व्हर क्लोराइड तयार झालं. ते उन्हात काळं पडतं. कागदावर पान किंवा लेस ठेवून उन्हात धरलं की त्याची पांढरी आकृती उमटायची. आता ती टिकवायची कशी? टॅलबटने त्यासाठीही मीठच वापरलं, पण या वेळी खूप दाट. मीठ बेताचं असलं तर कागद प्रकाशाला जागतो आणि फार झालं तर सुस्तावतो, हे त्याने हेरलं होतं. पुढे जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सुचवलेलं ‘हायपो’ आलं आणि प्रतिमा कायम करण्याचा प्रश्न सुटला.

मिठाच्या कागदात चित्र तंतूंमध्ये मुरायचं, त्यामुळे ते मऊ, किंचित धूसर दिसायचं. १८५० मध्ये लुई देझिरे ब्लांकार-एव्रार या फ्रेंच माणसाने कागदावर मीठ घातलेल्या, घुसळून निवळलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिला. चित्र वर तरंगून आलं, चकाकी आली, बारकावे दिसू लागले. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं जगातली बहुतेक छायाचित्रं अंड्यावर छापली गेली. राजा दीनदयाळ यांनी टिपलेले निजामाच्या हैदराबादेतले दरबार आणि शिकारी आज संग्रहालयांत आहेत, ते याच कागदावर. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये या कागदाचे मोठे कारखाने होते आणि तिथे वर्षाला लाखो अंडी फुटत. पांढरं वापरल्यावर पिवळ्या बलकाचं काय करायचं, हा प्रश्न छोट्या छायाचित्रकारालाही पडे. इंग्लंडच्या एका फोटोग्राफी नियतकालिकाने त्यासाठी चक्क चीजकेकची कृती छापली होती.

याच काळात काचेवरच्या निगेटिव्हसाठी कलोडियन वापरत. हे इथरमधलं द्रावण काचेवर ओतून ती ओली असतानाच फोटो काढायचा आणि लगेच धुवायचा, अशी धावपळ असे. छायाचित्रकार तंबू, बाटल्या आणि पाणी बरोबर घेऊन फिरत. रिचर्ड लीच मॅडॉक्स हा इंग्रज डॉक्टर इथरच्या वाफांनी बेजार झाला होता. त्याने पर्याय म्हणून स्वयंपाकातलं जिलेटिन घेतलं आणि १८७१ मध्ये आपली कृती प्रसिद्ध केली. सुधारणा इतरांनी केल्या. चार्ल्स बेनेटला १८७८ मध्ये आढळलं की हे मिश्रण कोमट ठेवून काही दिवस मुरू दिलं तर त्याची संवेदनक्षमता कितीतरी पट वाढते. आता कोरडी काच दुकानातून आणावी, हवी तेव्हा वापरावी आणि सवडीने धुवावी, असं झालं.

रॉचेस्टरमध्ये बँकेत कारकुनी करणारा जॉर्ज ईस्टमन याच सुमारास रात्री आईच्या स्वयंपाकघरात जिलेटिनची मिश्रणं शिजवत बसे. त्यातून त्याचा काचांचा धंदा उभा राहिला आणि १८८२ मध्ये जवळजवळ बुडाला. दुकानांत गेलेल्या काचा चित्रच टिपेनात. शेवटी दोष सापडला तो जिलेटिनमध्ये. त्याने विकलेला माल बदलून दिला आणि कच्चा माल तपासल्याशिवाय वापरायचा नाही हे कायमचं ठरवलं. शेपर्डच्या मोहरीची मुळं अशी त्या जुन्या संकटापर्यंत जातात.

फ्रान्समध्ये ल्यों शहरातलं ल्युमिएर कुटुंबही जिलेटिनवरच श्रीमंत झालं. मोठा मुलगा ऑग्युस्त, धाकटा लुई. लुईने ऐन तारुण्यात तयार केलेल्या कोरड्या काचा निळ्या लेबलाच्या डब्यांतून युरोपभर खपल्या. त्या पैशांवर आणि त्या रसायनज्ञानावर १८९५ चं हलत्या चित्रांचं यंत्र, सिनेमातोग्राफ, उभं राहिलं. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात एक रुपया तिकिटाला हलती चित्रं दाखवली गेली, ती याच ल्युमिएर बंधूंची.

पण हलत्या चित्राला काच चालत नाही. त्याला लांब, लवचीक, पारदर्शक फीत हवी. इथे कापूस आणि कापूर आले.

कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत भिजवला की दिसायला तसाच राहतो, पण ठिणगी लागताच भसकन पेटतो. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलचा प्राध्यापक ख्रिस्तियान शोनबाइन याने १८४६ मध्ये हा ‘बंदुकीचा कापूस’ जगापुढे आणला. घरात सांडलेलं आम्ल बायकोच्या एप्रनने पुसलं, तो शेगडीजवळ वाळत घातला आणि तो उडाला, अशी आख्यायिका त्याच्या नावावर सांगतात. आम्लं जरा सौम्य ठेवली तर स्फोटक होण्याऐवजी विरघळणारा पदार्थ मिळतो. त्यात कापूर मिसळून उष्णता आणि दाब दिला की तो हवा तसा वळतो, पातळ पत्र्यासारखा पसरतो आणि थंड झाल्यावर आकार धरतो. अमेरिकेतल्या जॉन वेस्ली हायटने १८७० मध्ये याचं पेटंट घेतलं. त्याला खरं तर बिलियर्डचे चेंडू करायचे होते. ते हस्तिदंताचे असत, हत्ती कमी पडू लागले होते आणि पर्याय शोधणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं होतं. हायटचे सुरुवातीचे चेंडू एकमेकांवर जोरात आपटले की बारीक आवाज होई. कोलोरॅडोतल्या एका गुत्तेवाल्याने त्याला कळवलं की चेंडू चांगले आहेत, पण प्रत्येक आवाजाला खोलीतला प्रत्येक माणूस पिस्तूल उपसतो. ही हकीकत हायटनेच उतारवयात सांगितलेली आहे.

या पदार्थाचं नाव सेल्युलॉइड. कंगवे, कॉलर, बाहुल्या, चष्म्याच्या काड्या सगळं त्याचं होऊ लागलं आणि जगभर कापराची मागणी प्रचंड वाढली. तो कापूर तैवानच्या डोंगरांतल्या झाडांपासून यायचा. झाड तोडून लाकडाचे तुकडे करायचे, ते वाफवायचे आणि वाफ थंड करून खडे गोळा करायचे, अशी ही रीत. १८९५ मध्ये जपानने तैवान घेतलं आणि १८९९ मध्ये कापरावर सरकारी मक्तेदारी बसवली. कापराच्या जंगलांसाठी डोंगरातल्या आदिवासींना रेटत मागे ढकललं गेलं आणि त्यात रक्तही सांडलं. पडद्यावर नाचणाऱ्या चित्रांच्या इतिहासात हे प्रकरण सहसा येत नाही, पण ते त्याच फितीचं आहे. आज आरतीला लागणारा बहुतेक कापूर झाडाचा नसतो. तो पाइनच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात तयार होतो, आणि या कृत्रिम कापराच्या शोधामागे सेल्युलॉइडची भूक हे मोठं कारण होतं.

सेल्युलॉइडची पातळ फीत करण्याची कल्पना हॅनिबल गुडविन नावाच्या न्यूअर्कच्या पाद्र्याने १८८७ मध्ये पेटंटसाठी मांडली. ईस्टमनच्या रसायनज्ञाने १८८९ मध्ये स्वतंत्रपणे फीत बाजारात आणली. गुडविनला पेटंट मिळेपर्यंत १८९८ उजाडलं आणि १९०० मध्ये तो गेला. पुढे खटला चालून कोडॅकला १९१४ मध्ये पन्नास लाख डॉलर द्यावे लागले. एडिसनच्या प्रयोगशाळेतल्या विल्यम डिक्सनने ईस्टमनची रुंद फीत उभी मधोमध कापली, दोन्ही कडांना भोकं पाडली आणि एका चौकटीमागे चार भोकं ठेवली. ३५ मिलिमीटरची ही फीत पुढे शंभर वर्षं तशीच राहिली. एका फुटात सोळा चौकटी बसतात. बोलपटाच्या वेगाने मिनिटाला नव्वद फूट पळतात. दुसऱ्या महायुद्धात कच्ची फिल्म दुर्मिळ झाली तेव्हा ब्रिटिश सरकारने भारतीय चित्रपटांना ११,००० फुटांची मर्यादा घातली. म्हणजे गाण्यांसकट सगळी गोष्ट दोन तासांच्या आसपास आटपायची.

धुंडिराज गोविंद फाळके यांच्या हाती ही फीत आली ती १९१२ मध्ये. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले आणि पैसेवाल्यांना पटवण्यासाठी त्यांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोड्या थोड्या वेळाने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर कोंब फुटून वेल सरसर वर चढताना दिसला. ‘अंकुराची वाढ’ म्हणून ओळखली जाणारी ही फिल्म पाहून यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. राजा, राणी, ऋषी यांच्याआधी फाळक्यांच्या कॅमेऱ्यापुढे वाटाण्याचं रोप उभं राहिलं, आणि आज वनस्पतिशास्त्राच्या माहितीपटांत ज्या तंत्राचं कौतुक होतं ते त्यांनी दादरच्या घरात वापरलं होतं.

विलायतेहून कोरी फिल्म यायची ती भोकं न पाडलेली. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधाऱ्या खोलीत बसून यंत्रावर तिला भोकं पाडत. पुरेसा उजेड असता तरी हे काम नाजूक होतं, कारण भोक किंचित सरकलं की पडद्यावर चित्र थरथरतं. फिल्म धुण्याचं तंत्रही त्या शिकल्या. वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक असायचाच. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीसाठी एकही बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांना ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात नाजूक हातांचा आचारी दिसला. अण्णा साळुंके त्यांचं नाव. महिना दहा रुपयांवरून पगार पंधरा झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये मुंबईकरांनी त्यांना तारामती म्हणून पाहिलं. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये त्यांनीच राम आणि त्यांनीच सीता केली.

आपल्या हवेत फिल्म धुणं ही वेगळीच परीक्षा होती. जिलेटिन पाण्यात फुगतं आणि पाणी कोमट झालं की सैल पडतं. एप्रिल-मेच्या मुंबईत नळाचं पाणी तसंच वापरलं तर चित्राचा थर सुरकुततो, कधी सुटूनही येतो. म्हणून उष्ण देशांतले छायाचित्रकार पाण्यात बर्फ टाकत आणि हायपोमध्ये तुरटी घालत. तुरटीतलं ॲल्युमिनियम जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना जखडून टाकतं आणि थर कडक होतो. दाढीनंतर गालावर फिरवायची, गढूळ पाणी निवळायला घालायची तीच ही तुरटी.

आता फितीच्या वाईट खोडी. नायट्रेटच्या सेल्युलॉइडमध्ये जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःतच असतो. म्हणून ते एकदा पेटलं की पाण्याखालीही जळतं आणि विषारी धूर सोडतं. ३१ डिसेंबर १९२९ रोजी स्कॉटलंडमधल्या पेझली गावात ग्लेन सिनेमात मुलांचा खेळ चालू होता. फिल्मच्या डब्यातून धूर निघू लागला, घबराट पसरली, बाहेर जायचं दार उघडेना आणि ७१ मुलं चेंगरून, गुदमरून मेली. ज्वाळा प्रेक्षागृहापर्यंत आल्याही नव्हत्या. त्या काळच्या लोकांच्या मनात ही भीती किती खोल होती ते हिचकॉकच्या ‘सॅबोटाज’ (१९३६) मध्ये दिसतं. फिल्मचे डबे घेऊन चढणाऱ्या मुलाला बसचा कंडक्टर अडवतो, कारण असा माल बसमध्ये न्यायला मनाई असते. ‘सिनेमा पॅराडिसो’ (१९८८) मध्ये प्रोजेक्टर चालवणाऱ्या म्हाताऱ्या आल्फ्रेदोची दृष्टी जाते तीही अशाच आगीत.

आगीपेक्षा जास्त चित्रपट मात्र माणसांनी जाणूनबुजून संपवले. खेळ संपला की फिल्मची किंमत उरे ती तिच्यातल्या चांदीची. कृष्णधवल फितीत काळं दिसणारं सगळं म्हणजे शुद्ध चांदीचे कण असतात. रंगीत फिल्म धुताना चांदी काढून घेतात आणि रंग तेवढे राहतात, म्हणून भंगारवाल्याला जुना कृष्णधवल माल अधिक प्यारा. फ्रान्समध्ये चंद्रावर जाण्याचा चित्रपट करणाऱ्या जॉर्ज मेलिएसच्या शेकडो फिल्म्स पहिल्या महायुद्धात वितळवल्या गेल्या आणि त्यांतून लष्करी बुटांच्या टाचांसाठी माल निघाला. उरलेल्या निगेटिव्ह निराश झालेल्या मेलिएसने १९२३ च्या सुमारास स्वतःच जाळल्या.

आपल्याकडेही तेच झालं. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये झळकलेला पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज उपलब्ध नाही. पुण्यातल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या उभारणीत आयुष्य घालवणारे पी. के. नायर दिग्दर्शक अर्देशीर इराणींना भेटले होते. शेवटच्या रिळांमधली चांदी काढून ती निकालात काढल्याचं त्यांच्या मुलाने आपल्याला सांगितलं, असं नायर सांगत. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून हजारो रिळं गेली, त्यात ‘आलम आरा’ जळाला अशी बातमी अजून फिरते. तो त्या संग्रहात कधी नव्हताच, हे नायर यांनी स्पष्ट केलं होतं. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले आणि त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून काही डझनसुद्धा धड हाती नाहीत. जे आहेत त्यांतलं बरंचसं श्रेय नायर यांच्या पायपिटीला आहे. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ची रिळं त्यांना फाळके कुटुंबीयांकडून मिळाली आणि फाळक्यांच्या हस्तलिखित टिपणांच्या आधारे त्यांनी ती क्रमाने जुळवली. फाळक्यांची मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण आहे. तिच्या चेहऱ्यावरचे भाव बघताना वाटतं, हे हरवलं असतं तर काय गमावलं हेही कळलं नसतं.

नायट्रेटला पर्याय म्हणून ॲसिटेटची ‘सेफ्टी फिल्म’ आली. कोडॅकने १९४८ मध्ये तिचा टिकाऊ प्रकार आणला आणि पुढच्या तीन-चार वर्षांत नायट्रेट फिल्म बनवणं बंद केलं. ही फिल्म सहजी पेट घेत नव्हती, म्हणून सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. दहा वर्षांच्या आत पहिली तक्रार आली आणि ती भारत सरकारकडून. उष्ण, दमट हवेत ठेवलेल्या रिळांना व्हिनेगरचा वास येऊ लागला होता. ॲसिटेट बनवताना कापसाच्या किंवा लाकडाच्या तंतूंना ॲसिटिक आम्लाचे गट जोडतात. ओलावा आणि उष्णता मिळाली की ते सुटतात आणि पुन्हा आम्ल होतं, म्हणजे चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं ते व्हिनेगर. सुटलेलं आम्ल उरलेल्या गटांना अधिक वेगाने तोडतं. फीत आकसते, वाकडी होते, जिलेटिनच्या थरावर सुरकुत्या पडतात. एकदा सुरू झालेली ही क्रिया थांबत नाही, थंडीत आणि कोरड्या हवेत फक्त मंदावते. म्हणून रॉचेस्टरच्या एका संस्थेने डब्यात ठेवायच्या कागदाच्या पट्ट्या तयार केल्या. निळी पट्टी हिरवी झाली तर सावध व्हायचं, पिवळी झाली तर त्या चित्रपटाची प्रत ताबडतोब काढायची.

भारताने स्वतःची फिल्मही बनवून पाहिली. हवा थंड आणि धूळ कमी म्हणून उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा सरकारी कारखाना निघाला. ‘इंदू’ या नावाने त्याचा माल अनेक वर्षं बाजारात होता. डिजिटल आल्यावर तो संपला. खुद्द कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. जपानच्या फुजीफिल्मने वेगळी वाट धरली. ही कंपनी मुळात सेल्युलॉइड बनवणाऱ्या एका उद्योगातून १९३४ मध्ये निघालेली. जिलेटिन म्हणजे तुटलेलं कोलॅजन आणि माणसाच्या त्वचेचा आधारही कोलॅजनच. फिल्मचा थर पिवळा पडू नये म्हणून मिळवलेलं ज्ञान तिने २००७ पासून चेहऱ्याच्या क्रीममध्ये वापरलं.

नीट जपलेली फीत पुन्हा पडद्यावर येऊ शकते. श्याम बेनेगल यांचा ‘मंथन’ (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये घालून काढला. पटकथा विजय तेंडुलकरांची, मुख्य भूमिकांत स्मिता पाटील आणि गिरीश कर्नाड. जवळजवळ पन्नास वर्षांनी फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याची दुरुस्ती हाती घेतली. चित्र पुण्याच्या संग्रहालयातल्या मूळ निगेटिव्हवरून घेतलं आणि आवाज फाउंडेशनकडे जपलेल्या एका प्रिंटमधून. चौकट न् चौकट साफ झाल्यावर मे २०२४ मध्ये तो कान महोत्सवात आणि जूनमध्ये भारतातल्या चित्रपटगृहांत लागला. निगेटिव्ह थंड खोलीत होती म्हणून हे होऊ शकलं. ज्या चित्रपटांची निगेटिव्ह एखाद्या लॅबच्या गोदामात बिल थकल्यामुळे पडून राहिली, त्यांच्यासाठी ही शक्यताही उरत नाही.

अजूनही गावोगावच्या बंद पडलेल्या थिएटरांत, फिरत्या टुरिंग टॉकीजवाल्यांच्या घरी, माळ्यावर गंजलेले डबे निघतात. असा डबा सापडला तर आधी वास घ्यावा. आंबट वास आला तर ॲसिटेट आहे, आत चित्र अजून वाचण्यासारखं असू शकतं. उग्र, नाकाला झोंबणारा वास, पिवळसर चिकटपणा किंवा तपकिरी भुकटी दिसली तर ते नायट्रेट समजावं. ते विडी-काडीपासून आणि उन्हापासून दूर ठेवावं, कारण फार कुजलेलं नायट्रेट चाळीस-एकेचाळीस अंश तापमानात बराच काळ राहिलं तर आपोआप पेटू शकतं, आणि विदर्भातला मे महिना त्याच्या वरच असतो. फितीच्या कडेला बारीक अक्षरांत ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असं इंग्रजीत छापलेलं असतं, ते भिंगाने वाचता येतं. १६ मिलिमीटरची आणि ८ मिलिमीटरची घरगुती फिल्म सहसा सेफ्टीच असते. काहीही असलं तरी ती प्रोजेक्टरवर चढवून बघू नये, उलगडायचा प्रयत्न करू नये आणि भंगारात तर मुळीच देऊ नये. डबा गार, कोरड्या जागी आडवा ठेवावा आणि पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावं. त्यातून एखाद्या लग्नाची फिल्म निघेल, बातमीपट निघेल, किंवा १९२० च्या दशकात कोल्हापूर-पुण्यात बनलेल्या आणि आता फक्त जाहिरातींतून माहीत असलेल्या एखाद्या मूकपटाची दहा मिनिटंही निघतील.